खाडीकाठचे जुने गाव

गेल्या उन्हाळ्यात आमचे चिरंजीव सहकुटुंब व्हिएतनामला जाऊन आले. त्या देशात दा नांग म्हणून समुद्रकाठचे एक मोठे शहर आहे. तिथे मुक्काम ठेवून त्यांनी आजूबाजूची सारी ठिकाणे पाहिली. परत आल्यावर आमच्या नेरूळच्या घरात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. सूनबाईंनी आणलेली कॉफी शेजाऱ्यांना पाजून झाली, आणि मोबाईलवरची शे-दोनशे छायाचित्रे येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवून झाली. त्यातच एके दिवशी आमचा दहा वर्षांचा नातू मला म्हणाला, "आजोबा, तिकडे डोंगरात शंकराची देवळं आहेत. हजार वर्षांपूर्वीची! आपल्या नवी मुंबईत असं जुनं काहीच नाही, हो ना?"

पोराचा दोष नाही. ज्या शहराच्या नावातच 'नवी' हा शब्द आहे, तेथे जुने काही असेल असे कोणाच्या मनात यावे? मी स्वतः या खाडीकाठी चाळीसहून अधिक वर्षे राहिलो आहे. शाळेत इतिहास शिकविण्यात उभा जन्म गेला. आणि तरी पहिली कित्येक वर्षे माझीही समजूत नातवासारखीच होती. म्हणून या दिवाळीच्या निमित्ताने त्याच्या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर द्यावे असे ठरविले. वाचकांपैकी कोणी सुट्टीत मुलांना घेऊन बाहेर पडणार असतील, तर त्यांनाही ते उपयोगी पडेल.

आधी दा नांगचेच पाहू. हान नदीच्या मुखाशी वसलेल्या या शहराभोवती जी प्रेक्षणीय स्थळे आहेत, त्यांतून त्या किनाऱ्याचा सारा इतिहास उलगडतो. शहरापासून सत्तर किलोमीटरांवर डोंगराच्या कुशीत मी सन नावाचे स्थान आहे. चंपा राज्याच्या राजांनी तेथे शंकराची देवळे उभारली. त्यांतला भद्रवर्मा हा राजा चौथ्या शतकाच्या अखेरीस होऊन गेला, आणि त्याने स्थापिलेल्या शिवलिंगाला त्याच्याच नावावरून भद्रेश्वर म्हणत. चंपा राज्य बुडाले, देवळे रानात हरवली, आणि १९६९ साली अमेरिकन बाँबवर्षावात त्यांतले सर्वांत मोठे शिखर कोसळले. आपल्या पुरातत्त्व खात्याचे लोक अलीकडे तेथे जीर्णोद्धाराच्या कामावर होते. २०२० साली त्यांना जमिनीखाली वालुकाश्माचे एक अखंड शिवलिंग सापडले.

त्याच किनाऱ्यावर होई आन हे जुने व्यापारी गाव आहे. एके काळी चिनी, जपानी आणि युरोपीय गलबतांची तेथे दाटी असे. पुढे नदीत गाळ भरला, गलबते येईनाशी झाली आणि सारा व्यापार दा नांगकडे गेला. १८५८ साली फ्रेंचांचे आरमार त्या देशावर चालून आले ते दा नांगलाच, आणि १९६५ साली अमेरिकन फौजा प्रथम उतरल्या त्याही तेथेच. तात्पर्य, चांगले बंदर असले की देवही तेथे येतो, व्यापारीही येतो आणि तोफाही येतात. मधल्या मधे तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसाचे काय होते, हे मात्र प्रवासाच्या माहितीपत्रकात सहसा छापलेले नसते.

आता हेच सारे आमच्या खाडीकाठी शोधू.

शंकरापासूनच आरंभ करावा. न्हाव्याच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर घारापुरीचे बेट दिसते. बहुतेक लोक गेटवे ऑफ इंडियाहून लाँचने तेथे जातात, त्यामुळे ते मुंबईचेच असे धरून चालतात. वास्तविक हे बेट रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात मोडते, म्हणजे ते आमच्या अंगणातले. येथील लेणी सहाव्या शतकातली. मुख्य लेण्यातली सदाशिवाची मूर्ती सुमारे १८ फूट उंच आहे. मधले मुख शांत, एका बाजूचे उग्र आणि दुसऱ्या बाजूचे स्त्रीसारखे कोमल. मी सनला जी शिवभक्ती विटांतून उभी राहिली, तीच येथे काळ्या कातळातून कोरली गेली. नातवाला मी एवढेच म्हणालो, "बाळा, तू जे पाहायला समुद्रापार गेलास, त्याचे थोरले भावंड आपल्या खिडकीपासून दोन तासांच्या वाटेवर आहे."

१५३४ साली गुजरातच्या सुलतानाने वसईचा मुलूख पोर्तुगीजांना दिला, आणि घारापुरीही त्यांच्या हाती गेली. बेटावर दगडाचा एक मोठा हत्ती होता, त्यावरून त्यांनी त्याला एलिफंटा हे नाव ठेवले. लेण्यात एक शिलालेखही होता. तो पोर्तुगालला पाठविण्यात आला, असे त्यांच्याच एका इतिहासकाराने, दियोगु दु कोतु याने, लिहून ठेवले आहे. त्यानंतर तो कोणाच्या दृष्टीस पडला नाही. त्या एका दगडाबरोबर लेणी खोदविणाऱ्याचे नाव गेले, आणि विद्वान आजही कलचुरी राजांचा तर्क करीत आहेत. हत्तीचे दैव थोडे बरे. १८६४ साली इंग्रजांनी तो विलायतेला नेण्यासाठी उचलला, तेव्हा यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. पुढे ते तुकडे जोडून तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत उभा करण्यात आला. आज त्या बागेला वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव आहे.

लेणी पाहून झाल्यावर मंडळी परत फिरतात. पण घारापुरीवर राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावे आहेत. १९८७ साली लेण्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. साऱ्या जगातून माणसे येऊ लागली. मात्र या तीन गावांत कायमची वीज यायला २०१८ साल उजाडले. समुद्राच्या तळाशी साडेसात किलोमीटर तार टाकून ती आणावी लागली. समोर मुंबई रात्रभर झगमगते आहे आणि आपण जनरेटर बंद होण्याची वेळ मोजतो आहोत, अशी यांची दिवाळी किती वर्षे झाली असेल, याचा विचार लेणी पाहताना माझ्या मनात येतो.

घारापुरीहून आपण मुख्य भूमीवर येऊ. पनवेलच्या खाडीच्या मुखाशी एका टेकाडावर बेलापूरचा किल्ला आहे. किल्ला म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांपुढे रायगड येतो, त्यांची येथे निराशा होईल. राहिलेला एक बुरूज, थोडी पडकी तटबंदी आणि झाडोरा, एवढेच आता उरले आहे. आजूबाजूला इमारती इतक्या वाढल्या की रोज त्याच्या पायथ्याने कचेरीत जाणाऱ्यांनाही तो ठाऊक नसतो. सोळाव्या शतकात सिद्दींनी तो बांधला असे सांगतात. खाडीतून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गलबतावर येथून नजर ठेवता येई. पुढे पोर्तुगीज आले. अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकात मराठ्यांनी त्यांच्याकडून हा किल्ला जिंकला. त्याविषयी एक दंतकथा आहे. विजय मिळाला तर अमृतेश्वराला बेलाचा हार वाहीन, असा चिमाजी अप्पांनी नवस केला, म्हणून गावाला बेलापूर म्हणू लागले. कथेचा खरेखोटेपणा इतिहासकारांनी ठरवावा, पण गावकऱ्यांना आपल्या गावाचे नाव एका विजयाशी जोडलेले आवडते, एवढे खरे. १८१७ च्या जून महिन्यात पुण्याचा तह झाला, पेशव्यांना उत्तर कोकणावर पाणी सोडावे लागले आणि बेलापूर इंग्रजांकडे गेले.

येथून खाडीच्या आत गेले की पनवेल लागते. होई आनची हकीकत ऐकली तेव्हा मला पनवेलचीच आठवण झाली. १८३० साली बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला, आणि मुंबई-पुण्याच्या वाटेवर पनवेलला मोठे महत्त्व आले. मुंबईचा प्रवासी भरतीच्या वेळी होडीत बसे, पनवेलच्या बंदराला उतरे आणि तेथून खोपोली, बोरघाट करीत पुण्याला पोचे. घाटावरचा माल बैलगाड्यांतून उतरून येथे गलबतांत चढे. आता जेथे गाड्यांची एवढी ये-जा, तेथे गाडीच्या चाकांचा धंदा जोरात चाले यात नवल नाही. पनवेलच्या चाकांना दूरवर नाव होते. १८५२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली. पुढच्याच वर्षी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी धावली, १८६३ साली ती बोरघाट चढली, आणि पुण्याचा प्रवासी पनवेलची वाट विसरला. होई आनला गाळाने मारले, पनवेलच्या बंदराला रुळांनी. दीडशे वर्षांनी महामार्ग आणि रेल्वे यांनीच पनवेलला पुन्हा जागे केले, ही काळाची गंमत.

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की आकाशात अंगठा वर केल्यासारखा एक सुळका दिसू लागतो. तो कर्नाळ्याचा किल्ला. बंदरातून घाटाकडे जाणाऱ्या मालावर जकात वसूल करावयाची, तर ही वाट ताब्यात हवी, म्हणून निजामशाही, पोर्तुगीज, मोगल आणि मराठे या सर्वांचे लक्ष या किल्ल्यावर असे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांना जे २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत कर्नाळा होता. १६७० मध्ये तो परत घेतला. १८१८ साली तो इंग्रजांनी जिंकला. पायथ्याचे जंगल १९६८ पासून पक्ष्यांचे अभयारण्य आहे, त्यामुळे मुलांना घेऊन जाण्यास ही जागा उत्तम.

या किल्ल्याच्या अखेरच्या काळातल्या किल्लेदाराचा नातू जवळच्याच शिरढोण गावी ४ नोव्हेंबर १८४५ रोजी जन्मला. त्याचे नाव वासुदेव बळवंत फडके. पुण्याच्या लष्करी हिशेब कचेरीत नोकरी करणाऱ्या या कारकुनाने दुष्काळात मरणारी माणसे पाहिली, आणि १८७९ साली रामोशी व इतर साथीदारांना घेऊन बंडाचे निशाण उभारले. काही महिन्यांत तो पकडला गेला. एडनच्या तुरुंगात १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्याने देह ठेवला. शिरढोणला त्याचे घर आणि स्मारक आहे. वाटेवरच्या ढाब्यावर अर्धा तास थांबणाऱ्यांनी येथे दहा मिनिटे थांबावयास काहीच हरकत नाही.

येथपर्यंत राजे, किल्ले आणि आरमारे झाली. यापुढचा इतिहास साध्या माणसांचा आहे, आणि माझ्या मते या किनाऱ्याचे खरे प्रेक्षणीय स्थळ तेच.

उरण तालुक्यात चिरनेर नावाचे गाव आहे. १९३० साली देशात मिठाचा सत्याग्रह पेटला, तेव्हा डोंगरालगतच्या लोकांनी जंगलचा कायदा मोडण्याचे ठरविले. सरपण, गवत, राब, सारे ज्या रानातून आणावयाचे त्या रानाला सरकारने कुंपण घातले होते. २५ सप्टेंबर १९३० रोजी आसपासच्या गावांचे लोक कोयते घेऊन अक्कादेवीच्या माळावर जमले. पोलिसांनी गोळीबार केला आणि आठ सत्याग्रही ठार झाले. त्यांत कातकरी होते, कोळी होते, आगरी होते, न्हावी होता. एका डोंगरासाठी साऱ्या जातींचे रक्त एकाच मातीत सांडले. दरवर्षी २५ सप्टेंबरला तेथे हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते.

आता शहराच्या जन्माकडे वळू. स्वातंत्र्यानंतर मुंबई माणसांनी भरून वाहू लागली. १९५८ साली नेमलेल्या बर्वे समितीने ठाण्याच्या खाडीवर पूल बांधून पलीकडे वस्ती न्यावी असे सुचविले. १९६० नंतर चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडच्या जुळ्या शहराची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन, एकूण ३४४ चौरस किलोमीटरांचा प्रदेश, या नव्या शहरासाठी निश्चित झाला. १९७३ साली वाशीचा पूल वाहतुकीला खुला झाला. आम्ही राहावयास आलो तेव्हा रेल्वे नव्हती. ती वाशीला आली १९९२ च्या मे महिन्यात. रात्री खाडीवरून वारा सुटला की भातखाचरांतला बेडकांचा आवाज घरात येई. तो आवाज कोणाच्या शेतातून येतो, असा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही, हे कबूल केले पाहिजे.

ती शेते आगऱ्यांची होती. आगर म्हणजे मिठाची किंवा भाताची खाजणजमीन. समुद्राला बांध घालून, खारे पाणी अडवून, पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी ती कमावली होती. खाडी कोळ्यांची होती. जमीन गेली, मोबदला मिळाला तो अपुरा, असे त्यांचे म्हणणे होते. जासई गावचे दि. बा. पाटील त्यांचे पुढारी झाले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण भागात शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला आणि दोन दिवसांत पाच जणांनी प्राण गमावले. चिरनेरला परकी सरकार होते. जासईला आपलेच होते. या आंदोलनातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत देण्याचे तत्त्व सरकारने मान्य केले. आज शहरातल्या कितीतरी इमारती या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर उभ्या आहेत. त्यांत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या आकड्यामागचे पाच जीव ठाऊक नसतात. जासईला त्यांचे स्मारक आहे.

त्यानंतरही बांधकाम थांबले नाही. १९८९ साली न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. त्यासाठी शेवा गाव उठले. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीहून न्हावा-शेव्यापर्यंतचा २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू खुला झाला. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचे पात्र वळविले आणि कोल्ही, कोपर, चिंचपाडा, तरघर अशा दहा वस्त्या हलविल्या. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याला दि. बा. पाटलांचे नाव द्यावे म्हणून २०२१ साली हजारो भूमिपुत्र रस्त्यावर आले होते, आणि पुढच्या वर्षी राज्याच्या विधिमंडळाने तसा ठरावही केला. एका नावासाठी माणसे एवढी का झटतात, असे मला काहींनी विचारले. घारापुरीच्या शिलालेखाची गोष्ट मी त्यांना सांगितली. दगड नेला की नाव जाते, आणि नाव गेले की हे कोणी केले हे सांगणारा उरत नाही.

प्रगती नको असे मी म्हणत नाही. मी स्वतः त्याच कापलेल्या टेकड्यांच्या आणि भरलेल्या खाजणांच्या शहरात राहतो, पुलावरून जातो, मुलगा विमानाने दा नांगला जातो. परंतु ज्याच्या अंगणात आपण घर बांधले, त्याचे नाव विचारणे ही साधी माणुसकी आहे. इतिहास शिकण्याचा याहून मोठा उपयोग मला तरी ठाऊक नाही.

ता. क. म्हणावे असे आता थोडेसेच राहिले. दिवाळी आली की आमच्या सोसायटीतली मुले किल्ला करतात. या वर्षी माती कोठून आणावी हा प्रश्न पडला, कारण आवारात सगळीकडे फरशी. अखेर आमच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या मावशींनी गावठाणातल्या आपल्या परसातून दोन पाट्या माती आणून दिली. माती ओतता ओतता त्या सहज म्हणाल्या, की ही तुमची इमारत उभी आहे ना, तेथे माझ्या सासऱ्यांचे भाताचे शेत होते. बोलण्यात तक्रार नव्हती. एखादी जुनी ओळख सांगावी तसे त्यांनी सांगितले. मुले मात्र हातातले काम टाकून ऐकत राहिली.

मग किल्ला कोणता करावयाचा याची चर्चा झाली. दरवर्षी रायगड किंवा प्रतापगड ठरलेला. नातवाने सुचविले, "या वेळी बेलापूर करू." कोणाला तो कसा दिसतो ठाऊक नव्हते, तेव्हा रविवारी सकाळी सारी पलटण मला घेऊन बुरुजापाशी गेली. परत येऊन त्यांनी बुरूज केला, खाडी केली, कागदाची गलबते सोडली. तटाबाहेर अळीव पेरून हिरवे शेत केले. शेताच्या कडेला एक झोपडी ठेवली आणि तिच्यापुढे एक पणती.

"ही कोणाची झोपडी रे?" मी विचारले.

"मावशींच्या सासऱ्यांची," नातू म्हणाला.

उन्हाळ्यात त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी देणार होतो. ते त्याने माझ्या आधीच मातीत लिहून ठेवले होते. वाचकहो, दिवाळीच्या सुट्टीत आपणही एखादा दिवस या वाटेने जा. घारापुरी पाहा, कर्नाळा चढा, आणि परतताना चिरनेरच्या व जासईच्या स्मारकापाशी मुलांना घेऊन क्षणभर उभे राहा.